वाक जुळवणे : लाकडी धनुष्याच्या घडणीविषयी

'शिवधनुष्य पेलणे' हा वाक्प्रचार आपण ऊठसूट वापरतो. ते धनुष्य कोणाला उचलले नाही आणि कोणाच्या हातात ते मोडले, हे मराठी मुलाला शाळेत जाण्याआधीच कळलेले असते. ते घडवले कोणी, याचेही उत्तर वाल्मीकींनी देऊन ठेवले आहे : विश्वकर्म्याने. कसे घडवले, हे मात्र कोणी विचारत नाही. पिनाक, शार्ङ्ग, गांडीव अशी एकेका धनुष्याला स्वतःची नावे आहेत. अमरकोशात धनुष्याच्या मुठीला 'लस्तक', टोकाला 'अटनी' आणि दोरीला 'ज्या', 'मौर्वी', 'शिंजिनी', 'गुण' असे शब्द आहेत. मूर्वा या वनस्पतीच्या धाग्याची म्हणून मौर्वी, किणकिणते म्हणून शिंजिनी. दोरीचा आवाजसुद्धा ज्या परंपरेने टिपला, तिच्या वाङ्मयात लाकूड तासणारा हात जवळजवळ दिसत नाही.

मी व्यवसायाने संशोधक नाही. नोकरी सांभाळून गेली बारा वर्षे घराच्या पडवीत लाकडी धनुष्ये करत आलो आहे. पुस्तक वाचून हात चालवायचा आणि हात अडला की पुन्हा पुस्तकाकडे जायचे, अशी ही शिकवणी. या काळात एक गोष्ट पक्की झाली. धनुष्याचा आकार देणे हे काम तसे सोपे आहे. कोणीही बरा सुतार ते दोन दिवसांत करील. खरे काम त्यानंतर सुरू होते. दांडा वाकवून पाहायचा, कुठे वाकतो आणि कुठे ताठ राहतो ते हेरायचे, ताठ जागेवरून चिमूटभर लाकूड काढायचे आणि पुन्हा वाकवून पाहायचे. इंग्रजीत याला 'टिलरिंग' म्हणतात. मी या लेखात 'वाक जुळवणे' म्हणणार आहे.

ताण वाटून घेण्याचे गणित

धनुष्य ओढले की त्याची लक्ष्याकडची बाजू ताणली जाते आणि धनुर्धराकडची बाजू दाबली जाते. पहिलीला पाठ म्हणू, दुसरीला पोट. मुठीच्या वर आणि खाली जे दोन भाग वाकतात त्यांना पाती म्हणू.

पाठ किती ताणली जाईल, हे दोनच गोष्टींवर ठरते : त्या जागी पाते किती जाड आहे आणि तिथला वाक किती आवळ आहे. पंधरा मिलिमीटर जाडीचे पाते एक मीटर त्रिज्येच्या वर्तुळात वाकवले, तर पाठीचा ताण पाऊण टक्का भरतो. म्हणजे एक मीटर लांबीची पाठ साडेसात मिलिमीटर लांबते आणि पोट तेवढेच आकसते. एक टक्क्याच्या आसपास बहुतेक लाकडे हार मानू लागतात. म्हणजे चांगले धनुष्य नेहमीच आपल्या मर्यादेच्या अगदी जवळ काम करत असते.

या हिशेबात रुंदी कुठेच येत नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. रुंदी दुप्पट केली तर धनुष्याचा जोर दुप्पट होतो, पण लाकडावरचा ताण तेवढाच राहतो. म्हणून साधारण प्रतीच्या लाकडाचे धनुष्य रुंद आणि पातळ करावे. डेन्मार्कमध्ये होल्मेगार्डच्या दलदलीत १९४४ मध्ये एल्म लाकडाची सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीची धनुष्ये मिळाली. त्यांची पाती रुंद आणि चपटी आहेत. सूत्र लिहून ठेवण्याच्या कितीतरी आधी कोणाच्या तरी हाताला ते कळले होते.

जाडीचा हिशेब वेगळा आणि जास्त निष्ठुर आहे. पात्याचा ताठरपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. पंधरा मिलिमीटरचे पाते चौदा मिलिमीटर केले की ताठरपणा जवळजवळ एक पंचमांशाने उतरतो. कानशीचे दहा-बारा हात जास्त फिरले तर धनुष्याचा स्वभाव बदलतो तो यामुळे. शेवटच्या टप्प्यात कागदाच्या जाडीएवढे लाकूडही मोजून काढावे लागते.

शाळेच्या भूमितीत आपण वर्तुळाची 'जीवा' शिकलो. जीवा म्हणजे ज्या, धनुष्याची दोरी. आपल्या जुन्या गणितात कंसाला 'चाप' म्हणत आणि जीवेच्या मध्यापासून कंसाच्या मध्यापर्यंतच्या अंतराला 'शर'. वर्तुळाचा तुकडा पाहताना आपल्या गणित्यांच्या डोळ्यांसमोर दोरी चढवलेले, बाण लावलेले धनुष्य होते. खरे धनुष्य मात्र हवे तेव्हाच वर्तुळाकार वाकते. ओढलेल्या धनुष्यात वाकवणारा जोर मुठीजवळ सर्वांत जास्त असतो आणि टोकाकडे कमी कमी होत शून्यावर येतो. पात्याची जाडी सगळीकडे सारखी ठेवून रुंदी मुठीपासून टोकापर्यंत सरळ रेषेत कमी करत नेली, म्हणजे पाते लांबट त्रिकोणासारखे केले, तर ते वर्तुळाच्या कंसात वाकते. रुंदी बराच भाग सारखी ठेवून जाडी उतरती केली, तर टोकाकडचा पातळ भाग जास्त आवळ वाकला पाहिजे. तिथे लंबवर्तुळासारखा वाक योग्य. दोन्हीकडे तत्त्व एकच. पात्यावरच्या प्रत्येक बोटभर जागेने आपापल्या वाट्याचा ताण घ्यावा, कोणी अंग चोरू नये आणि कोणावर दुसऱ्याचा भार पडू नये.

लाकूड

बांबू सोडला तर आपल्याकडे धनुष्यासाठी माझ्या आवडीचे लाकूड धामणीचे. संस्कृतात या झाडाला 'धन्वन' म्हणतात आणि 'धन्वन्' म्हणजे धनुष्य. कौटिल्याने कणखर लाकडांच्या यादीत त्याला बसवले आहे. हत्यारांचे दांडे, कावडीचे दांडे अशा वाकून परत सरळ होण्याच्या कामांना ते पूर्वापार वापरले जाते.

बांधावरच्या छाटणीत मिळालेले मनगटाहून जाड, सरळ, बिनगाठीचे खोड घ्यावे. ते करवतीने चिरण्यापेक्षा पाचर ठोकून फाडावे. करवत स्वतःच्या रेषेत जाते, पाचर लाकडाच्या धाग्याच्या रेषेत जाते. आणि धनुष्य धाग्याच्या जिवावर टिकते. पाठीवर धागा तुटला की तिथूनच ढलपी उचलते. युरोप-अमेरिकेतले कारागीर पाठीवर एकच वार्षिक कडे अखंड राहील असे तासतात. आपल्याकडच्या बऱ्याच झाडांत कडी तितकी ठळक नसतात. तिथे सोपा मार्ग म्हणजे साल सोलल्यावर दिसणारा पृष्ठभाग हीच पाठ मानावी आणि तिला हत्यार लावू नये. झाडानेच ती अखंड करून दिलेली असते.

फाडलेल्या फाकेच्या दोन्ही टोकांना मेण किंवा रंग लावून ती सावलीत सुकवावी. ओले लाकूड वाकते, पण वाकलेलेच राहते. याला बाक धरणे म्हणतात. फार सुकलेले लाकूड बाक धरत नाही, सरळ मोडते. आठ ते दहा टक्के ओलावा उत्तम. म्हणून पावसाळ्यात मी वाक जुळवण्याचे काम हातात घेत नाही. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस या कामाचे.

पडवीतले काम

साडेपाच फूट लांबीचा दांडा घेऊ. मधली मूठ चार इंच, ती वाकणार नाही. पाती मुठीजवळ पावणेदोन इंच रुंद आणि टोकाशी अर्धा इंच. टोके जितकी हलकी तितकी चांगली; कारण सुटताना टोकेच सर्वांत वेगाने धावतात आणि बाणाला मिळायची ऊर्जा वजनदार टोक स्वतःच खाऊन टाकते. वाकसाने ढोबळ आकार, रंध्याने बाजू, मग कानस. सगळे तासणे पोटाच्या बाजूने.

पहिली परीक्षा जमिनीवर. एक टोक जमिनीला टेकवून मूठ हलकेच दाबायची आणि पात्यावरून नजर फिरवायची. दोन्ही पाती थोडी हलू लागली की दांडा भिंतीवर चढतो. भिंतीला पक्का खुंटा, त्यावर मूठ. टोकांना लांब सैल दोरी. दोरीच्या मध्याला हुकाचा काटा आणि तिथून खाली कप्पीतून आलेली ओढदोरी. मागच्या भिंतीवर खडूने आखलेल्या चौकटी. आता आठ-दहा फूट लांब उभे राहून ओढता येते आणि धनुष्य समोर चित्रासारखे वाकताना दिसते. जवळून दिसत नाही ते लांबून दिसते.

नियम थोडे आहेत, पण ते सगळे पाळावे लागतात. अठ्ठावीस इंच ओढीला चाळीस पौंड जोराचे धनुष्य हवे असेल, तर काम चालू असताना काटा कधीही चाळीसच्या वर जाऊ द्यायचा नाही, ओढ दहा इंचच झाली असली तरी. दोष दिसला की तिथेच थांबायचे; दोष घेऊन एक इंचही पुढे ओढायचे नाही. ताठ जागेवर पेन्सिलीने खुणा करायच्या आणि तेवढ्याच जागेवरून तासायचे. तासल्यावर लगेच निकाल पाहायचा नाही. आधी वीस-तीस वेळा हलके ओढून लाकडाला नवी वाट समजू द्यायची, मग पाहायचे. कारण काढलेल्या लाकडाचा परिणाम पूर्ण दिसायला थोडा वेळ लागतो.

नवशिक्याचा डोळा वाकणाऱ्या जागेकडे जातो, कारण हालचाल तिथे दिसते. काम मात्र शेजारच्या न वाकणाऱ्या जागेवर करायचे असते. एखादी जागा जास्त वाकत असेल, तर ती स्वतःच्या हौसेने वाकत नाही. आजूबाजूच्या ताठ जागांनी आपला वाटा तिच्यावर टाकलेला असतो. तिला हात न लावता ताठ जागा मऊ करत जावे, म्हणजे तिचा भार आपोआप उतरतो. वेळीच हे झाले नाही, तर तिथे बिजागरी तयार होते. सगळा वाक त्या एका ठिकाणी गोळा होतो, पोटावर आडव्या बारीक सुरकुत्या उठतात. त्या सुरकुत्या म्हणजे चिरडलेले धागे. त्यांच्यावर इलाज नाही.

दुबळ्या जागेला लाकूड परत लावता येत नाही, म्हणून प्रत्येक दुरुस्तीची किंमत जोरात मोजावी लागते. पन्नास पौंडाचे होऊ शकणारे धनुष्य दुरुस्त करता करता पस्तीसवर येते. तेही धनुष्यच असते आणि चांगले असू शकते. पण हे समजून चालणाऱ्याचा हात पहिल्या दिवसापासून जपून पडतो.

सैल दोरीवर वाक सारखा दिसू लागला की आखूड दोरी चढवायची. याला संस्कृतात 'सज्य' करणे म्हणतात, ज्या असलेले. आधी दोरी आणि मूठ यांच्यात तीनच इंच अंतर, मग हळूहळू सहा. आता दोरी मुठीच्या मधोमध जाते का ते पाहायचे. पाते एका कडेला पिळत असेल, तर दोरी ज्या बाजूला सरकली आहे तिच्या विरुद्ध कडेवरून थोडे लाकूड काढायचे. खालचे पाते वरच्यापेक्षा किंचित ताठ ठेवतात, कारण बाण मुठीच्या वरून जातो आणि हाताचा दाब खाली येतो. शेवटचे दोन-तीन इंच ओढ मिळवताना कानसही जड वाटते. तिथे फुटक्या काचेची धार लाकडावरून ओढायची. केसासारख्या बारीक शिवड्या निघतात. मग पॉलिश पेपर, जवसाचे तेल, आणि वापर झाला की दोरी उतरवून ठेवण्याची सवय.

कारागीर लिहीत नाही

कौटिल्याने आयुधागाराध्यक्षाच्या कामात धनुष्याचे चार प्रकार सांगितले आहेत : ताडाचे, बांबूचे, लाकडाचे आणि शिंगाचे. कारागिरांना किती काम, किती वेळ आणि किती वेतन हेही ठरवून द्यावे, असे तो सांगतो. कारागिराच्या हातातली पद्धत त्याच्या कामाची नव्हती. धनुर्वेदाच्या ग्रंथांत बांबूच्या निवडीचे नियम आहेत : फार जून नको, कोवळा नको, जळलेला नको, छिद्र पडलेला नको, आणि दुसऱ्या बांबूवर घासलेलाही नको. हा शेवटचा नियम बनात उभे राहून केलेल्या निरीक्षणातून आला आहे. बांबूचे बळ त्याच्या बाहेरच्या सालीलगतच्या दाट धाग्यांत असते आणि घासलेल्या बांबूचे नेमके तेच धागे जखमी झालेले असतात. नियम लिहिला गेला, कारण लिहिणाऱ्यापर्यंत तो पोचला. तासण्याची रीत पोचली नाही.

इंग्लंडातही असेच झाले. रॉजर ॲस्कमने १५४५ मध्ये 'टॉक्सोफिलस' हा धनुर्विद्येवरचा ग्रंथ लिहून आठव्या हेन्रीला अर्पण केला. नवे धनुष्य थोडे वापरून मग कारागिराकडे न्यावे, थोडे आखूड करून नीट तासून घ्यावे, म्हणजे ते सगळीकडे सारखे गोल वाकेल, असा सल्ला त्यात आहे. सल्ला अचूक आहे, पण तो गिऱ्हाइकाचा. त्याच वर्षी जुलैत हेन्रीचे 'मेरी रोझ' हे जहाज बुडाले. १९८२ मध्ये ते वर काढले गेले, आणि त्या शोधकार्यात यू लाकडाची १३७ अखंड धनुष्ये मिळाली. अनेकांवर कारागिरांच्या खुणा कोरलेल्या आहेत. ग्रंथकाराचे नाव राहिले, कारागिराची राहिली ती खूण.

या सगळ्या इतिहासात एक अपवाद मला फार मोलाचा वाटतो. सोन्याच्या शोधात आलेल्या वसाहतवाल्यांनी कॅलिफोर्नियातील याही लोकांची कत्तल केली. त्यातून वाचलेला शेवटचा माणूस ऑगस्ट १९११ मध्ये ओरोव्हिल गावाजवळ उपाशी अवस्थेत सापडला. स्वतःचे नाव त्याने कधी सांगितले नाही, म्हणून त्याच्या भाषेतला 'माणूस' या अर्थाचा शब्द त्याचे नाव झाला : इशी. मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी त्याला सॅन फ्रान्सिस्कोतल्या विद्यापीठाच्या संग्रहालयात आणले. शेजारीच वैद्यकीय महाविद्यालय होते आणि तिथले शल्यविशारद सॅक्स्टन पोप इशीवर उपचार करता करता त्याचे शिष्य झाले.

पोप यांनी केवळ प्रश्न विचारले नाहीत. त्यांनी इशीच्या शेजारी बसून स्वतः लाकूड तासले. इशीचे धनुष्य ज्युनिपरच्या लाकडाचे आणि आखूड असे. तो ते धारदार दगडाने खरवडून पातळ करी, वालुकाश्माने घासे, टोके तापलेल्या दगडावर मागे वळवी. हरणाचे स्नायू चावून मऊ करून सामन माशाच्या कातडीच्या सरसाने पाठीवर चिकटवी. असे स्नायू पाठीचा ताण झेलतात, म्हणून आखूड धनुष्यही लांब ओढता येते. दोरी उतरवलेले धनुष्य उभे ठेवू नये, आडवे ठेवावे, असा त्याचा नियम होता. उभे ठेवले तर ते काम करत राहते, घामेजते आणि थकते. मुलाने ते ओलांडले तर ते वाकडे मारते, असेही तो मानी. हत्याराला पाय लागू न देणाऱ्या घरात वाढलेल्या मराठी वाचकाला यात परके काही वाटणार नाही. कधी तो धनुष्याचे टोक तोंडाशी धरून दोरीवर बाणाने हलके ठोके देई आणि त्यातून सूर काढी. आपली 'शिंजिनी' त्याने ऐकली असती तर हा शब्द त्याला समजावून सांगावा लागला नसता.

२५ मार्च १९१६ रोजी इशी क्षयाने वारला. दोनच वर्षांनी पोप यांचा याही धनुर्विद्येवरचा प्रबंध छापला गेला. चार-पाच वर्षांच्या सहवासाच्या बळावर एक विद्या पुढे सरकली. पुढे १९३० च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन आणि पॉल क्लोपस्टेग या भौतिकशास्त्रज्ञांनी धनुष्याचे ताण मोजले आणि अरुंद, गोल पोटाच्या इंग्लिश धनुष्यापेक्षा चपटे आयताकृती पाते लाकडाला जास्त न्याय देते, हे गणिताने दाखवले. मी पडवीत जे करतो ते या सगळ्यांच्या उधारीवर.

आपल्या शेजारचे

आता आपल्या शेजारी पाहू. कौटिल्याने दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग, स्नायू यांच्या जोडीला बांबूचेही नाव घेतले आहे. सातपुड्यातल्या भिल्लांच्या कामठ्याला आजही बांबूच्याच चिपाटीची दोरी असते. ग्रंथातला एक शब्द इतक्या शतकांनंतर डोंगरात हाताने जिवंत ठेवलेला आहे. तिथला मानवेल बांबू जवळजवळ भरीव असतो आणि त्याचे पाते करताना कोयत्याचा हात कुठे जड पडतो, कुठे हलका, हे करणाऱ्याच्या मनगटाला माहीत असते. संग्रहालयातल्या काचेमागे ठेवलेला कामठा आपल्याला लांबी आणि रुंदी सांगेल. कुठले लाकूड कोणत्या क्रमाने गेले, हे तो सांगू शकत नाही. कारण ते लाकूड आता तिथे नाही.

म्हणून ज्यांचे जाणे-येणे अक्कलकुव्याकडे, धडगावकडे किंवा अशा कुठल्याही भागात असेल, त्यांना माझी विनंती आहे. कामठ्याचा फोटो काढून परत फिरू नका. करणाऱ्या आजोबांपाशी दोन दिवस बसा. बांबू कोणत्या महिन्यात तोडला, किती दिवस कुठे ठेवला, सालीची बाजू कुणीकडे घेतली, पहिल्यांदा वाकवून पाहिले तेव्हा काय दिसले आणि त्यानंतर कोयता नेमका कुठे लागला, हे क्रमाने लिहून घ्या. या कामाला त्यांच्या बोलीत जो शब्द असेल, तोही लिहून घ्या. तो मिळाला की माझा 'वाक जुळवणे' मी आनंदाने मागे घेईन.